डोळस प्रेक्षक आणि कोळवणची सीडी

६ ऑगस्ट २००६, रविवार
कासार आंबोली

'डोळस प्रेक्षक' वर्गाचा आज श्रीगणेशा झाला. फळ्यावर नाव लिहून मागे वळलो तर ओसरीत चार-पाच माणसं, त्यातलं एक झोपलेलं. झोपलेले म्हणजे आमचे घरमालक कोंडिबा. टीव्ही त्यांचा, ओसरी त्यांची, त्यामुळे त्यांना उठवायचं कसं हा प्रश्नच होता.

पुण्याच्या संस्थेनं मला एक खोकं दिलंय. त्यात माहितीपटांच्या सीड्या आहेत, शिक्षकासाठी पुस्तिका आहे आणि भिंतीवर लावायचा पाच प्रश्नांचा तक्ता आहे. हे कोणी बनवलं? कशासाठी बनवलं? काय दाखवलं? काय चौकटीबाहेर ठेवलं? फायदा कोणाचा? टीव्ही असो, पेपर असो, जाहिरात असो, बघणाऱ्यानं हे पाच प्रश्न विचारले की त्याला कोणी बनवू शकत नाही. जानेवारीत संस्थेच्या ज्ञानदाताई तपासायला येतील. त्यांना काम पटलं तर मी लिहीत असलेली मराठी पुस्तिका तालुक्यातल्या शाळांत जाईल. हिंजवडीच्या कंपनीत मी आठवडाभर सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहितो आणि ती एकही माणूस वाचत नाही. एकदा तरी कोणी वाचेल असं काही लिहावं, एवढीच माझी हाव आहे.

पहिला माहितीपट परदेशी होता. जाहिरातीतल्या वाटीत दूध म्हणून पांढरा डिंक ओततात, असं त्यात दाखवलंय. मी शेजारी उभं राहून भाषांतर करत होतो. कोंडिबांच्या बायकोनं, तुळजाबाईंनी, तोंडाला पदर लावला. "आगं बया! डिंक कशापायी? तितं म्हशी न्हाईत व्हय?" यावर अर्धा तास गेला.

मध्येच प्लेअरची वायर निघाली. मी खटपट करतोय तोवर कोंडिबांची मुलगी रेश्मा म्हणाली, "सर, अमोलला बोलावू का? पिरंगुटला शूटिंगचं दुकान हाय त्याचं." रेश्मा पौडच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, वर्गातली एकमेव जागी विद्यार्थिनी. तिनं फोन केला आणि माझा चहा संपायच्या आत तो पोरगा मोटारसायकलवरून दारात हजर. शर्टावर ड्रॅगन, केसांना चोपडून काहीतरी लावलेलं. लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करतो म्हणाला. वायर चटकन बसवली. एवढी तत्परता पुण्यात शोधून मिळायची नाही.

२० ऑगस्ट, रविवार

वायर दर रविवारी निघते आणि नेमकी त्याच जागी निघते. अमोल बिचारा दर वेळी कामधंदा सोडून येतो आणि मग वर्गाला बसतो.

कल्पना म्हणाली, "अहो, ती वायर आपोआप नाही निघत."

"मग उंदीर असेल," मी म्हणालो.

बायको हसली. माझ्या कामाकडे ती कधीच गंभीरपणे बघत नाही. सोमवारी उंदराचा पिंजरा आणणार आहे.

१० सप्टेंबर, रविवार

गृहपाठ दिला होता, 'पाणी' या विषयावर छोटा माहितीपट करा. कॅमेरा फक्त अमोलकडे, म्हणून गृहपाठही त्यानंच केला. मदतीला रेश्मा होती.

काम बघून निराशा झाली. विहीर आहे, पण विहिरीपुढे रेश्मा उभी. ओढा आहे, पण अर्धी चौकट रेश्मानं व्यापलेली. नळकोंडाळं दाखवलं तेव्हा वाटलं, आता तरी पाणी दिसेल, तर रेश्मा हंडा घेऊन चालत येते आणि कॅमेरा तिच्या मागोमाग घरापर्यंत जातो, नळ राहिला मागेच. शेवटी तर नुसतं तिचं हसणं, तेही संथ गतीत. मी स्पष्ट सांगितलं, "अमोल, तुला विषयावर नजर ठेवता येत नाही."

तो मान खाली घालून "व्हय सर" म्हणाला. पोरगा नम्र आहे, शिकेल.

मागे बसलेल्या तुळजाबाईंना मात्र तो माहितीपट आवडला असावा. पुन्हा लावायला सांगितला आणि या वेळी टीव्हीपेक्षा रेश्माकडेच जास्त बघत होत्या.

३ ऑक्टोबर, मंगळवार

दसरा काल झाला. सोनं द्यायला कोंडिबा वर आले तेव्हा भलतेच खुशीत होते. रेश्माला कोळवणचं स्थळ आलंय. मुलगा दिग्विजय. वडील एकनाथराव. पुण्याच्या लोकांना फार्महाउससाठी थोडी जमीन विकली, उरलेल्या खाचरांत आंबेमोहर, नवा बंगला, जीप. रेश्माला त्यांनी एका लग्नात बघितलंय आणि पसंत केलंय. तुळशीचं लग्न झालं की सुपारी फोडायची, असं कोंडिबांनी ठरवूनही टाकलं.

मी अभिनंदन केलं आणि बोलता बोलता अमोलचा विषय काढला. म्हटलं, मामा, तुमच्या भागात तो एक कर्तबगार पोरगा आहे. कोंडिबांचा चेहरा एकदम उतरला. "कॅमेऱ्यात भात पिकत न्हाई, सर. पोरगी द्यायची ती जमीन बघून."

मी त्याच्या वायरिंगबद्दल बोलत होतो. मध्येच पोरगी देण्याचं कुठून आलं, मला काही कळलं नाही.

कल्पना सांगत होती की रेश्माचं या लग्नाला मन नाही, तुळजाबाई तिच्यापाशी रडल्या. "पोरगी जेवत न्हाई, पन ह्यांच्याम्होरं बोलायचं कुनी?" असं म्हणाल्या. वाईट वाटलं. रेश्माला परीक्षा द्यायची असणार. मी कोंडिबांशी बोलू का, असं विचारलं तर कल्पना कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात गेली.

१५ ऑक्टोबर, रविवार

आज मला शिक्षक झाल्याचं सार्थक वाटलं!

वर्ग सुटल्यावर रेश्मा आलं घातलेला चहा घेऊन वर आली. चेहरा सुकलेला. म्हणाली, "सर, खोटं ते खरं कसं भासवत्यात, हे तुमी शिकवलं. पन खरं असलेलं खोटं वाटंल, असं करता येतं का?"

अहाहा! काय प्रश्न आहे! संस्थेच्या पुस्तिकेतसुद्धा नाही. मी तासभर समजावलं. खऱ्या वस्तूच्या शेजारी जरा जास्तच छान वस्तू ठेवायची, की खरीचाही संशय येतो. साध्या जीपनंतर लगेच परदेशी गाडी. भाताच्या खाचरानंतर बर्फ. निवेदन एक आणि चित्र दुसरंच. प्रेक्षकाला एकदा चुकीचा जोड दिसला की तो बाकी सगळंच नाकारतो. बोलण्याच्या भरात कागदावर आकृतीही काढून दिली. तिनं ती घडी घालून नीट ठेवली.

जाताना म्हणाली, "कोळवणवाले पोराची सीडी काढनार हायेत, सर. आता फॅशन हाय ना. बाबा म्हनत्यात, सगळ्यांम्होरं ओसरीत लावायची, आन् सरांनी बघायची."

मी म्हणालो, "अवश्य!" वर्गाची खरी परीक्षाच होणार.

१२ नोव्हेंबर, रविवार

काय दिवस गेला! लिहिलंच पाहिजे.

भातकाढणीच्या धांदलीत कोंडिबांना कोळवणला घर बघायला जायला जमलं नव्हतं. सीडी तेवढी आली. ओसरीत भावकी जमली, शेजारच्या लीलाबाई आल्या, कोणीतरी पोह्यांचा घमघमाट सोडला होता. कोंडिबा धुवट धोतरात पुढे बसले. आज ते टक्क जागे होते.

सुरुवातीला ज्वाळांतून अक्षरं आली, 'चि. दिग्विजय'. मग गुलाब उमलला आणि गुलाबातून मुलगा बाहेर आला. हिरव्या जीपवर हात ठेवून उभा. बरं वाटलं, साधा मुलगा. तेवढ्यात तीच जीप गर्रकन फिरली आणि लाल, बसकी, बिनटपाची गाडी झाली. मी सावध झालो. नंतर बंगला. बंगल्यापुढे कारंजं. कारंज्याचं पाणी डावीकडे उडतंय आणि अंगणातल्या दोरीवरचे कपडे उजवीकडे. मग आंबेमोहराचं खाचर, बांधावर मुलगा, आणि एकदम ट्युलिपची रानं, मागे बर्फाचे डोंगर आणि त्यात हाच मुलगा, लेंगा-सदऱ्यात! निवेदक खर्जात सांगतोय, "सुस्वभावी आणि निर्व्यसनी", आणि पडद्यावर मुलाच्या हातात काचेचा पेला, आत पिवळं काहीतरी.

"थांबव!" मी ओरडलो. रेश्मानं तत्काळ थांबवलं. पोरगी रिमोट हातात धरून तयारच बसली होती.

मग मी उभा राहिलो. तक्त्याकडे बोट दाखवून एकेक प्रश्न घेतला. लाल गाडी कोणाची? कारंज्याला वारा वेगळा का? मुळशी तालुक्यात बर्फ कुठल्या गावाला पडतं? ज्यांनी इतकं खोटं घातलं, त्यांची जीप तरी खरी कशावरून? बंगला तरी त्यांचाच कशावरून?  लीलाबाई म्हणाल्या, "आन् त्या पेल्यात काय व्हतं?" आणि भावकीत कुजबुज सुरू झाली.

कोंडिबांचा चेहरा लालबुंद. "मला येड्यात काढतोय व्हय ह्यो एकनाथ? मी काय बर्फ बघून पोरगी दीन?" म्हणत ताडकन उठले आणि सोयरीक मोडल्याचं जाहीर करून टाकलं.

एक राहून गेलं. पहिला प्रश्न, हे कोणी बनवलं. शेवटची नावं बघायची म्हणून सीडी पुढे सोडली, तर नेमकी लाइट गेली. गंमत म्हणजे लीलाबाईंच्या घरात दिवा चालूच होता. रेश्मा मीटरपाशीच उभी होती, ती म्हणाली, फ्यूज उडाला. या गावाच्या वायरिंगचं काही खरं नाही.

१३ नोव्हेंबर, सोमवार

रेश्मानं सकाळीच गरम भाकरी, लोणी आणि ठेचा आणून दिला. पोरगी अशी हसत होती की मलाच भरून आलं. एका मुलीला फसवणुकीतून वाचवलं! पुस्तिकेत या प्रसंगावर स्वतंत्र धडा लिहिणार.

संध्याकाळी अमोल पेढे घेऊन आला. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाला, "असंच, सर." भलता श्रद्धाळू आहे, माझ्या पायाही पडला.

कल्पनानं पेढा खाल्ला आणि म्हणाली, "तुम्ही खरंच देवमाणूस आहात." लग्नाला अकरा वर्षं झाली, पहिल्यांदाच म्हणाली.

२६ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. स्वतःची लाज वाटली तरी लिहितो.

सकाळी दारात हॉर्न वाजला. हिरवी जीप. तीच. आतून पांढऱ्या कपड्यांतले एकनाथराव उतरले, मागे भावकीतले दोघं. ओसरीत बसायला नाहीच म्हणाले. "कोंडिबा, आदी हितं ये. हात लाव. जीप हाय का न्हाई? हॉर्न वाजव!"

कोंडिबांनी हॉर्न वाजवला. मग दार उघडून बघितलं, सीट दाबून बघितली, पुन्हा हॉर्न वाजवला.

"आन् बंगल्याचं म्हनशील तर आत्ताच्या आत्ता चल. भिताडाला हात लावून ये. पेल्यात लिंबाचं सरबत व्हतं, माझ्या म्हातारीनं केल्यालं!"

गल्ली जमा झाली. कोंडिबा माझ्याकडे बघायला लागले. मी घसा साफ करून म्हणालो, "पण एकनाथराव, लाल गाडी, बर्फ, कारंजं, हे तर खोटं होतं ना?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मास्तर, नवऱ्याच्या कपाळाला बाशिंग बांधत्यात, म्हंजी त्यो काय राजा असतो व्हय? कोन म्हनतं का त्याला, राजा न्हाईस तर बाशिंग कशापायी बांधलंस? लग्नाच्या सीडीत मिक्सिंग असतंच की! तुमच्या लग्नात न्हवतं?"

होतं. जळगावला आमच्या कॅसेटमध्ये मी आणि कल्पना चंद्रकोरीवर बसून झोका घेतो.  ज्याला सगळा गाव शोभा म्हणतो, त्याला मी पुरावा समजून बसलो होतो. साधं बाशिंग मला कळलं नाही, आणि म्हणे डोळस!

पण एकनाथराव थांबले नव्हते. "मी सादीच सांगितली व्हती. त्यो पिरंगुटचा अमोलच मागं लागला. म्हनला, काका, भारी करू. बर्फ घालू, लाल गाडी घालू. पैसं बी जादा घेतलं न्हाई त्यानं."

अमोल.

मी रेश्माकडे बघितलं. ती पाण्याचे तांबे घेऊन उंबऱ्यातच थबकली होती. आणि मग एका दमात सगळंच दिसलं. वायर. विहीर. आल्याचा चहा. मी काढून दिलेली आकृती! या कारट्यांनी माझ्याकडूनच शिकून मलाच माकड केलं होतं, आणि मी इतके दिवस टाळ्या वाजवत होतो. संताप आला. खूप आला. तोंडाशी आलं होतं की विचारा आता तुमच्या लेकीला.

तेवढ्यात कोंडिबांनी हात जोडले. "एकनाथराव, चूक झाली. तुळजे, साखर आन गं. तोंड ग्वाड करू. सर, तुमी बी चुकलो म्हना, म्हंजी इषय मिटला. सुपारी आजच फोडू, भावकी हायेच."

रेश्मानं माझ्याकडे बघितलं. ती काहीच मागत नव्हती. आता काही मागण्यात अर्थ नाही, असं समजलेल्या माणसाचं बघणं होतं ते. मला ते सोसवलं नाही.

मी चुकलो होतो. चुकलो म्हणणं हेच खरं होतं, आणि चार महिने मी याच ओसरीत खऱ्याचं कौतुक सांगत होतो. तरी मी म्हणालो, "नाही. मी माझ्या मतावर ठाम आहे."

"आँ?" कोंडिबा म्हणाले.

"जीप खरी आहे, मान्य. पण ज्या बापाला स्वतःचा मुलगा बर्फात उभा करावासा वाटतो, त्याला मुलाचा भरवसा नाही. आणि आज जीप आणलीत, मुलगा कुठाय? जीपला पोरगी द्यायची आहे का?"

असं मी आयुष्यात कोणाला बोललो नाही. एकनाथरावांनी जीपचं दार धाडकन उघडलं. त्यांचा मुलगा कदाचित उत्तम असेल, सरबत पिणारा, निर्व्यसनी. मनातल्या मनात मी त्याची माफी मागितली.

"कोंडिबा!" ते गरजले. "तुज्या घरात भाडेकरू बोलतोय आन् तू आयकून घेतोस? असल्या घरात आमची सोयरिक न्हाई! तू पाया पडलास तरी न्हाई!" जीप धुरळा उडवत गेली.

मग कोंडिबांनी माझं जे केलं ते सगळं लिहीत नाही. महिनाअखेर खोली खाली करा म्हणाले, ओसरीतला तक्ता फाडला. त्याचं काही वाटलं नाही. शेवटी म्हणाले, "माज्या पोरीचं वाटुळं केलं तुमी," आणि पागोट्यानं डोळे पुसले. ते मात्र फार लागलं. त्यांना मी काहीच सांगू शकत नव्हतो.

२९ नोव्हेंबर, बुधवार

सामान बांधतोय. रेश्मा भांडी गुंडाळायला आली. बराच वेळ नुसती कागद फाडत होती.

"सर, तुमाला कळलं?"

"काय?"

"काय न्हाई," म्हणाली आणि कढई दोनदा गुंडाळली.

सामान न्यायला अमोल टेम्पो घेऊन आला. घरमालकासमोर काही बोलता येईना. पिरंगुटच्या वळणावर त्याला म्हणालो, "कारंज्याचा वारा उलटा होता."

"त्ये मुद्दाम केलं व्हतं, सर."

"माहीत आहे, गाढवा."

त्याचे कान लाल झाले.

कल्पनानं नव्या खोलीत पहिल्याच रात्री वांग्याचं भरीत केलं, आमच्या जळगावच्या वांग्यांचं. म्हणाली, "दिसलं एकदाचं तुम्हाला." मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाली, उंदराच्या पिंजऱ्यापासून.

१४ जानेवारी २००७, रविवार

ज्ञानदाताई आल्या. मी आधीच कळवलं होतं की वर्ग बंद पडलाय, घरमालकांनी हाकललंय, खोकं परत घेऊन जा. तरी त्या म्हणाल्या, आलेच आहे तर त्या ओसरीवर जाऊन येते. मी बाहेर गाडीपाशीच उभा राहिलो, पण कोंडिबांचा आवाज काय, वेशीपर्यंत जातो.

ताईंनी तिळगूळ घेतला आणि विचारलं, वर्गात काय शिकलात?

"शिकलो की!" कोंडिबा म्हणाले. "टीव्हीवर दिसंल त्यावर एकदम इश्वास ठेवायचा न्हाई. सीडीवर न्हाई. पेपरात लिवलंय म्हनून न्हाई. आन् ह्या नेहेते सरांवर तर आजिबात न्हाई!"

मी डोळे मिटून घेतले. पुस्तिका गेली, शाळा गेल्या, सगळं गेलं.

ताई बाहेर आल्या त्या उड्या मारायच्या बाकी. म्हणाल्या, "नेहेते, बाकी सगळीकडे लोक शिक्षक सांगेल तेच घडाघडा म्हणून दाखवतात. शिक्षकालाच तपासून बघणारा प्रेक्षक मला इथं पहिल्यांदा भेटला. हे तुम्ही कसं साधलंत?"

मी म्हणालो, थोडी मेहनत घ्यावी लागली.

पुस्तिका शाळांत जाणार! पण आनंद अर्धाच झाला. निघताना दारात रेश्मा दिसली. मोडलेल्या सोयरिकीचा बोभाटा झालाय, तिला दुसरं स्थळ येत नाही, आणि अमोलला शब्द काढायचं धैर्य नाही. माझ्या हट्टानं नेमकं काय मिळवलं, असं घरी येईपर्यंत वाटत राहिलं. तिचं वाटोळं खरंच झालं असेल तर ते मी केलंय.

४ मार्च, रविवार

दुपारी दार वाजलं. कोंडिबा! हातात तांदळाची पिशवी. बसा म्हटलं तर बसले, पाणी दिलं तर प्यायले, आणि पंख्याकडे बघत राहिले. कल्पना मुद्दाम चहा टाकायला आत गेली आणि दाराआडच थांबली.

"त्या अमोलचं स्थळ आलंय," ते शेवटी म्हणाले. "बाप घिऊन आला व्हता. जमीन न्हाई म्हनला, सीडी बी न्हाई आनली. तुळजा म्हनती, देऊन टाका. पोरगी काय बोलत न्हाई, पन दोन दिस झालं जेवतीया." मग म्हणाले, "तुमी त्याला जवळनं बघितलाय. मी तुमच्यावर इश्वास ठेवत न्हाई, पन इचारतोय. खरं सांगा, पोरगा कसा हाय?"

खरं सांगा! मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मग म्हणालो, "मामा, लबाड आहे. एकनाथरावांना त्यानं बनवलं, तुम्हाला बनवलं, मला तर पार धुऊन वाळत घातलं. जीप खरी होती आणि बंगलाही खरा होता. त्यानंच ते खोटं वाटेल असं केलं, कारण रेश्मा जाईल म्हणून त्याचा जीव चालला होता. आणि तिचाही."

कोंडिबा माझ्याकडे बघतच राहिले. "म्हंजी त्या दिशी जीप आली तवा तुमाला ठाव व्हतं?"

"त्याच वेळी कळलं."

"आन् तरी चुकलो म्हनला न्हाईत? माज्या एवड्या शिव्या खाल्ल्या?"

"हो."

ते मान हलवत राहिले. राग आला की काय, मला कळेना. चहा आला, त्यांनी बशीत ओतून सावकाश संपवला. मग उठले, पिशवी माझ्यापुढे सरकवली आणि पायांत चपला घातल्या.

"आंबेमोहर हाय. जुना हाय, पानी जरा जास्ती घाला," असं कल्पनाला म्हणाले. दारात जाऊन पुन्हा वळले. "पाडवा झाला की सुपारी हाय. दोघं बी या."

"नक्की येतो, मामा!"

"या. फकस्त सर, तुमी काय बोलायचं न्हाई."